दोघांपैकी एकाने राहायचे गाव : डोंबिवली सोडून साताऱ्यात स्थायिक होण्याचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण डोंबिवली पूर्वेत तीसहून अधिक वर्षे संसार केलेल्या एका जोडप्याचे आहे. पत्नी अनुदानित शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेपासून सोसायटीपर्यंत सर्वजण त्यांना बाई म्हणूनच ओळखत. म्हणून येथेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. यजमान एका खासगी कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले होते. बाईंच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना दोघेही बचतीच्या नियोजनासाठी प्रस्तुत लेखकाकडे आले. पहिल्याच बैठकीत लक्षात आले की पैशांचा हिशेब फारसा अवघड नाही, अडले आहे ते राहायचे कुठे या प्रश्नापाशी. व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील पुढील लेखनात गाळले आहेत, गावांविषयीचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

डोंबिवलीचे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत नव्वदच्या दशकातली, लिफ्ट नाही. बाईंच्या गुडघ्यांचे दुखणे वाढत चालले होते आणि बाजारातून पिशवी घेऊन वर येताना प्रत्येक मजल्यावर थांबावे लागत होते. पुनर्विकासाची चर्चा सोसायटीत अनेक वर्षे चालू होती, परंतु विकासकाची निवड होत नव्हती, आणि झाली तरी बांधकाम पुरे होईपर्यंत भाड्याच्या घरात राहावे लागणार होते. मुलगी पुण्यात कात्रजच्या बाजूला, मुलगा परदेशात. यजमानांना मधुमेह आणि रक्तदाब, शिवाय हृदयाच्या एका रक्तवाहिनीत पूर्वीच स्टेंट घातलेला. बाईंची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असल्याने त्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळणार होते. यजमानांचे भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन मात्र नावापुरतेच होते, म्हणजे पुढील आयुष्यभर घर चालणार ते बाईंच्या निवृत्तिवेतनावर. ही गोष्ट पुढे निर्णयात महत्त्वाची ठरली, कारण उत्पन्न ज्याचे त्याच्या सोयीने गाव निवडावे असे साधे मत असते आणि या घरात ते बोलून दाखवायला कोणीच तयार नव्हते.

पहिल्या बैठकीला त्यांनी जी यादी आणली होती ती यजमानांच्या अक्षरातली होती. रत्नागिरी सर्वांत वर, कारण लांज्याच्या अलीकडे त्यांचे मूळ गाव. त्याखाली सावंतवाडी, कारण एका दिवाळीत मोती तलावाच्या काठी काढलेले चार दिवस दोघांच्याही मनात घर करून होते. मग सातारा, तेथे बाईंचे माहेर नव्हे पण मावशीचे घर होते म्हणून ओळख. आणि शेवटी, कंसात, पुणे. पुण्याला कंस पडण्याचे कारण घरांच्या किमती एवढेच नव्हते. मुलीच्या सासूबाई मुलीकडेच असत, आणि व्याह्यांच्या दारात कायमचे जाऊन बसल्यासारखे दिसेल, अशी यजमानांची भावना होती. ही भावना आकडेमोडीत मांडता येत नाही, परंतु अशा निर्णयांत तिचा वाटा मोठा असतो आणि सल्लागाराने ती हास्यास्पद समजू नये.

कोल्हापूर आणि सांगली यांचा विचार त्यांनी आधीच बाजूला ठेवला होता. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरांत त्या शहरांतील कोणकोणत्या भागांत पाणी शिरले होते ते त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते. वस्तुतः दोन्ही शहरांत पूररेषेच्या पुष्कळ वर असलेल्या वसाहती आहेत आणि केवळ पुरासाठी अख्खे शहर वगळणे योग्य नव्हते. तरीही दोन्हीकडे त्यांचे आप्त कोणी नव्हते, म्हणून त्यावर वाद घातला नाही.

कसोटी कशी सापडली

यादीतील प्रत्येक गावाविषयी आम्ही तेच तेच साधे प्रश्न विचारत गेलो. भाजी कुठून आणणार, बँकेत कसे जाणार, रात्री छातीत दुखले तर कुठे नेणार, पावसाळ्यात वीज गेली तर पाण्याचा पंप कसा चालणार, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुठे देणार. यजमानांकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते आणि ते बहुतेक वेळा एकच होते: गाडी आहे, मी नेईन. दुसऱ्या बैठकीत बाई बराच वेळ ऐकून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही नसलात तर?"

बाई गाडी चालवत नाहीत. त्या यजमानांपेक्षा वयाने लहान, त्यांचे दुखणे गुडघ्यांचे आणि यजमानांचे हृदयाचे. त्यामुळे मागे राहणारी व्यक्ती बहुधा त्याच असतील, हे सरळ होते. तरी तोवर झालेल्या सर्व चर्चेत दोघे नेहमी एकत्रच आहेत असे गृहीत धरले गेले होते. स्थायिक होण्याचे गाव निवडताना लोक साठीच्या पहिल्या पाच-सात वर्षांचा विचार करतात, जेव्हा दोघेही हिंडतेफिरते असतात, बागकाम, सहली आणि पाहुणे यांची हौस असते. खरी परीक्षा त्यानंतरच्या काळाची असते. म्हणून त्या दिवसापासून यादीतील प्रत्येक गावाला एकच प्रश्न लावायचे ठरले: पंच्याहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या बाईंना या गावात कोणावरही अवलंबून न राहता आठवडा काढता येईल काय? यजमानांना हा प्रश्न आवडला नाही आणि काही दिवस ते बैठकीला आले नाहीत. परंतु पुढील पाहणी त्यांनीच सर्वांत कसून केली, हेही नोंदवले पाहिजे.

पाहणीचा दुसरा नियम ऋतूचा होता. कोकण ऑक्टोबरनंतर पाहायचे नाही आणि घाटावरचे गाव श्रावणात पाहायचे नाही, कारण त्या त्या वेळी ती गावे सर्वांनाच आवडतात. कोकणातील गावे भर जुलैत आणि पुन्हा मे महिन्यात, साताऱ्याला एप्रिल-मेच्या उन्हात जाऊन राहायचे, तेही हॉटेलात नव्हे, तर ओळखीच्या घरी किंवा महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत, स्वतः स्वयंपाक करून.

कोकणचा पक्ष

रत्नागिरीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते केवळ भावनेचे नव्हते. कोकण रेल्वेमुळे मुंबईशी थेट संबंध, शहर जिल्ह्याचे ठिकाण, नाट्यगृह आणि वाचनालयाची परंपरा, जिल्हा रुग्णालय, आणि २०२३ पासून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यजमानांचे गणपती आणि शिमगा दोन्ही तिथलेच. परंतु यजमानांच्या मनात रत्नागिरी शहरातील फ्लॅट कधीच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते गावचे जांभ्या दगडाचे घर.

त्या घराचा सातबारा काढला तेव्हा त्यावर आजोबांच्या चार मुलांच्या वारसांची एवढी नावे निघाली की काहींची तर यजमानांना ओळखही नव्हती. जमिनीचे वाटप कधीच झालेले नव्हते. घरात एक चुलतभाऊ राहतो, दुरुस्ती तोच करतो, आणि त्याने तोंडाने कधी नाही म्हटले नसले तरी कायमचे राहायला येणाऱ्या दुसऱ्या कुटुंबासाठी त्या घरात जागा नाही, हे स्पष्ट होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, मात्र तो सुरळीत पार पडायला सर्व सहधारकांची संमती लागते. एकाने जरी हरकत घेतली तरी प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या दिशेने जाते. साठीत प्रवेश केलेल्या माणसाने आपले म्हातारपण त्या निकालावर टांगून ठेवू नये, असे स्पष्ट मत आम्ही दिले.

गावाच्या वाडीत बाई जुलैत राहिल्या तेव्हा इतर गोष्टी आपोआप पुढे आल्या. रत्नागिरीच्या किनारपट्टीत वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील मोठा भाग जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत. घरे एकमेकांपासून लांब, मधली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, निसरडी, एसटीची गाडी दिवसातून मोजक्या वेळा आणि तीही फाट्यापर्यंत. वीज गेली की मोबाईलची रेंजही जाते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या बाजूला कित्येक गावे दीर्घ काळ अंधारात होती, याची आठवण वाडीतल्याच लोकांनी काढली. आणि एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. ज्या प्रदेशात पावसाचे पाणी अंगणातून वाहून जाते त्याच प्रदेशात दहा महिन्यांनी टँकरची वाट पाहावी लागते, हे कोकणाबाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही.

रत्नागिरी शहराचा विचार वेगळा करावा लागला आणि तो प्रामाणिकपणे केला. शहरात राहणाऱ्या एकट्या बाईची गैरसोय होत नाही. रिक्षा मिळतात, शेजार चांगला असतो. अडचण यजमानांच्या हृदयाची होती. गुंतागुंतीचे रुग्ण आजही पुष्कळदा कोल्हापूरला हलवले जातात, आणि ते अंतर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आणि रस्ता खचून तो घाट अवजड वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता. त्याच दिवसांत चिपळूणचा बाजार वाशिष्ठीच्या पाण्याखाली होता. वैद्यकीय महाविद्यालय स्थिरावल्यावर हे चित्र बदलेल, बहुधा दहा वर्षांत पुष्कळच बदलेल. परंतु स्टेंट घातलेल्या माणसाला ती दहा वर्षेच महत्त्वाची असतात.

सावंतवाडीचे आकर्षण लवकर ओसरले. गाव सुरेख आहे, गोव्यातील मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाल्याने परदेशातील मुलाच्या दृष्टीनेही ते जवळ आले होते. पण मोठ्या उपचारांसाठी सिंधुदुर्गातील लोक अजूनही गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाकडे पाहतात, आणि मुलगी पुण्यात असताना आजारपण दुसऱ्या राज्यात काढायचे, ही कल्पना दोघांनाही मानवली नाही.

सातारा, आणि साताऱ्यातही कुठे

साताऱ्याचा पहिला गुण म्हणजे पुणे. अंतर सुमारे ११० किलोमीटर, आणि साताऱ्याहून स्वारगेटला जाणाऱ्या विनाथांबा एसटी दिवसभर सुटत असतात. कात्रजला राहणारी मुलगी रात्री फोन आला तर घाबरत का होईना पण पहाटेपर्यंत पोहोचू शकते. खंबाटकी घाटात शनिवार-रविवारी होणारी कोंडी धरूनही हे म्हणता येते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीनंतर ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे, म्हणजे बाईंना मुलीकडे जायला ना गाडी लागते ना कोणाची परवानगी. रेल्वेचा मात्र फारसा उपयोग नाही. स्थानक माहुलीच्या बाजूला, गावापासून लांब आहे.

वैद्यकीय बाजू कोकणापेक्षा निश्चितच भक्कम होती. गावात खासगी रुग्णालयांत हृदयरोगाचे तातडीचे उपचार होतात, कराडचे कृष्णा रुग्णालय महामार्गाने सुमारे ५० किलोमीटरवर आहे, पुणे तर आहेच. येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षात सुरू झाले. पाऊस हजार मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे छत्री पुरते आणि भिंतींना बुरशी धरत नाही.

तरी साताऱ्याचे दोष सांगितल्याशिवाय हे प्रकरण खरे होणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो, आणि डोंबिवलीच्या घामट उन्हाळ्याची सवय असलेल्या यजमानांना ती कोरडी झळ अधिक त्रासदायक वाटली. कोयनेचा परिसर भूकंपप्रवण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण जिल्ह्यातील जुनी माणसे अजून सांगतात, आणि सौम्य धक्के अधूनमधून बसतात. त्यामुळे जुन्या इमारतीतील स्वस्त फ्लॅट घेण्याचा मोह टाळावा, असे सांगावे लागले. सप्टेंबरात कासच्या फुलांसाठी येणाऱ्या गाड्यांनी यवतेश्वरचा रस्ता आणि समर्थ मंदिराची बाजू तुंबून जाते. शिवाय, घरी येऊन रुग्णाची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका पुण्यासारख्या सहज मिळत नाहीत. आज याचे महत्त्व वाटत नाही, पण आमच्या कसोटीतील पंच्याहत्तरीच्या बाईंना ते नक्की वाटेल.

येथे गावापेक्षा गावातील जागेचा प्रश्न अधिक सूक्ष्म निघाला, आणि पाहणीचा सर्वांत मोठा वेळ त्यातच गेला. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसले आहे. राजवाडा, मोती चौक आणि त्यावरच्या पेठा ही गावाची खरी वस्ती. बाजार, नगर वाचनालय, मंदिरे, कार्यक्रम, सगळे तिथे. यजमानांना पहिल्या दिवसापासून हाच भाग आवडला. परंतु त्या पेठांतून घरी परतणे म्हणजे चढ, आणि डोंबिवलीचे तीन जिने सोडून कायमचा चढ पत्करण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडे शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर अशा बाहेरच्या वसाहतींत बंगल्यांचे प्लॉट मिळत होते. हा भाग २०२० च्या हद्दवाढीने नगरपालिकेत आला असला तरी कागद नगरपालिकेचा म्हणून नळही नगरपालिकेचा असे नसते: जुन्या गावाला कासच्या तलावातून आणि शहापूर योजनेतून पाणी मिळते, तर वाढीव भागांत पुष्कळ ठिकाणी जीवन प्राधिकरणाची वेगळी योजना आहे, आणि कोणत्या गल्लीत किती वेळ पाणी येते हे त्या गल्लीतल्या गृहिणीलाच विचारावे लागते. बाईंनी तसे विचारलेही, दारोदार जाऊन, शाळेच्या जनगणनेच्या कामाचा अनुभव असल्यासारखे.

बंगल्याचा मोह यजमानांना शेवटपर्यंत सुटत नव्हता. पुढे बाग, मागे शेवगा, एक आंबा. एका दलालाने महामार्गापलीकडे दोन गुंठ्यांचा तुकडा अतिशय स्वस्तात दाखवला. कागद पाहिले तेव्हा तो शेतजमिनीचा तुकडा निघाला, बिगरशेती आदेश नाही, रेखांकनाला मंजुरी नाही, आणि खरेदीखत काही अनोळखी माणसांसह सामाईक नावाने होणार होते. यजमानांचे नाव सातबाऱ्यावर असल्याने ते शेतकरी ठरतात आणि शेतजमीन विकत घेण्याला कुळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी त्यांना नव्हती, एवढेच दलाल पुन्हा पुन्हा सांगत होता. परंतु शेतजमीन घेता येणे आणि तिच्यावर घर बांधता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा तुकड्यावर बांधलेल्या घराला रस्ता, नळ आणि पुढे गिऱ्हाईक या तिन्हींची विवंचना राहते. शिवाय कायदेशीर बंगल्यालाही आमची कसोटी लावली तर उत्तर प्रतिकूलच येते. एकट्या स्त्रीला बंगल्याची झाडलोट, टाकी, गच्चीची गळती आणि रात्रीची भीती हे सगळे एकटीनेच सांभाळावे लागते, तर इमारतीत ते दहा-बारा घरांत वाटले जाते.

शेवटी निवड झाली ती सदरबझारच्या बाजूची. भाग सपाट, जिल्हा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर, बसस्थानक आणि पोवई नाका रिक्षाने काही मिनिटांवर, औषधांची दुकाने आणि बँका भोवताली. राजवाड्यासारखे वातावरण तिथे नाही. संध्याकाळी मोती चौकात जी गजबज असते ती सदरबझारात सापडत नाही, आणि यजमान हे आजही ऐकवतात. मात्र त्यांना गावात जायला रिक्षा आहे, आणि बाईंना घरी परतायला चढ नाही.

पैसा आणि कागद

डोंबिवलीचे घर लगेच विकू नये, असा आग्रह प्रस्तुत लेखकाने धरला होता. पहिले वर्षभर ते अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिले आणि साताऱ्यात भाड्याने राहून पाहिले. डोंबिवलीच्या भाड्यात साताऱ्याचे भाडे भागून थोडे उरत होते. हे वर्ष वाया गेले असे काही नातेवाइकांनी म्हटले. परंतु त्या वर्षातच एक घर नको म्हणून ठरले, कारण समोरच्या मंगल कार्यालयाचा ध्वनिक्षेपक लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत चालत असे, आणि ही माहिती कोणत्याही दस्तऐवजात मिळाली नसती.

विक्रीच्या वेळी कराचा एक पेच समोर आला. घर २००१ पूर्वीचे, म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येत होते, आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली मालमत्ता असल्याने महागाई निर्देशांकासह २० टक्के किंवा त्याविना साडेबारा टक्के यांपैकी कमी पडेल तो कर भरण्याची मुभा होती. नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे करातून सूटच मिळत होती. दुसरीकडे मुद्रांक शुल्कात राज्य शासनाने स्त्रियांच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सवलत दिलेली आहे, आणि आमच्या कसोटीच्या दृष्टीने घर एकट्या बाईंच्या नावे असणे सर्वांत सोयीचे दिसत होते. अडचण अशी की डोंबिवलीचे घर दोघांच्या नावे आणि दोघांच्या पैशांतून घेतलेले होते. नवे घर एकट्या बाईंच्या नावे घेतले असते, तर यजमानांच्या वाट्याच्या नफ्यावर कलम ५४ ची सूट मिळेल किंवा नाही यावर वाद उभा राहू शकला असता, कारण दुसऱ्याच्या नावे केलेल्या गुंतवणुकीबाबत न्यायनिर्णय एकसारखे नाहीत. मुद्रांक शुल्कातील एक टक्का वाचवण्यासाठी प्राप्तिकराचे प्रकरण ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हते. सवलत सोडली, घर दोघांच्या नावे घेतले, आणि दोघांनी परस्परांच्या लाभात मृत्युपत्रे करून ती दुय्यम निबंधकांकडे नोंदवली. सोसायटीत केवळ नामनिर्देशन (नॉमिनेशन) केल्याने त्या व्यक्तीकडे मालकी जात नाही, हे अनेकांना घरात दुःखाचा प्रसंग घडल्यावरच कळते, म्हणून हे काम खरेदीच्या आठवड्यातच उरकले. घर निवडताना भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त) ही दोन कागदपत्रे नसलेल्या इमारती सरसकट बाजूला ठेवल्या, आणि त्यामुळे दिसायला सुंदर अशी बरीच घरे यादीतून गेली. बाईंचे निवृत्तिवेतन ठाण्याच्या कोषागारातून साताऱ्याच्या कोषागारात वर्ग करण्याचा अर्ज वेळेवर केला होता. त्याला अपेक्षेपेक्षा कमी काळ लागला.

जे हिशेबात धरले नव्हते

गाव बदलण्याची सर्वांत मोठी किंमत पैशांत किंवा पाण्यात नसून ओळखीत असते, असे या प्रकरणानंतर प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. डोंबिवलीत बाईंना रस्त्यात दर दहा पावलांवर कोणीतरी विद्यार्थी भेटे, आता बाप झालेला, आपल्या मुलाला पाया पडायला सांगणारा. भिशी, सोसायटीचा हळदीकुंकू, लोकलच्या डब्यातील मैत्रिणी, हे सगळे बाईंच्या नावावर जमा होते आणि ते वर्ग करून घेण्याचा कोणताही अर्ज नसतो. साताऱ्यात पहिले सहा-सात महिने त्या केवळ अमुक मजल्यावरच्या नव्या काकू होत्या. मावशींच्या घरचे लोक चांगले होते, पण त्यांचे स्वतःचे वर्तुळ पूर्ण होते.

यजमानांचे वेगळेच झाले. ते पहाटे ‘चार भिंती’ या स्मारकाच्या बाजूला फिरायला जात आणि तिथे त्यांच्या वयाच्या निवृत्तांचा एक गट त्यांना आपसूक मिळाला. पुरुषांना फिरण्याच्या वाटेवर ओळखी होतात, स्त्रियांना त्यासाठी एखादे काम लागते, असे सरसकट म्हणणे धाडसाचे होईल. या घरात तसे घडले एवढे खरे. बाईंना शेवटी मार्ग सापडला तो त्यांच्या पेशातूनच. इमारतीतील एका मुलीला दहावीच्या गणिताची भीती वाटत होती, तिला त्यांनी बसवले, मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या. पुढे आया आल्या, आणि एका आईमुळे भजनी मंडळ आले. आता त्या गल्लीतही त्यांना बाईच म्हणतात.

भाड्याच्या वर्षानंतर घर विकत घेऊन आता दोन पावसाळे झाले आहेत. या काळात यजमानांना एकदा रात्री अस्वस्थ वाटले; बाईंनी शेजाऱ्यांना न उठवता रिक्षा बोलावून त्यांना रुग्णालयात नेले, आणि मुलगी सकाळी पुण्याहून आली तेव्हा तपासण्या होऊन धोका नसल्याचे कळलेही होते. गणपतीला दोघे कुंभार्ली घाटातून गावी जातात आणि आठवडाभर राहून परततात. चुलतभावाने आता स्वतःहून वाटपाची गोष्ट काढली आहे, कारण पाहुणा म्हणून येणाऱ्या भावाची त्याला अडचण वाटत नाही. अर्जावर सगळ्यांच्या सह्या गोळा करण्याचे काम यजमानांनी अंगावर घेतले आहे. दोन सह्या परदेशातून यायच्या आहेत, आणि एका वारसाचा पत्ता अजून लागलेला नाही.

एक प्रश्न मात्र दोघांनी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. यजमानांच्या पश्चात बाईंनी सदरबझारातच राहावे की मुलीजवळ पुण्यात जावे, याविषयी मुलीचे मत ठाम आहे आणि बाईंचे नाही. मृत्युपत्राबरोबर दिलेल्या पत्रात यजमानांनी तो निर्णय पूर्णपणे बाईंचा असेल आणि त्यासाठी घर विकायचे झाल्यास कोणीही हरकत घेऊ नये, एवढे लिहून त्याखाली मुलांच्याही सह्या घेतल्या आहेत.